प्रतिसादक क्रमांक चार

त्या गुरुवारी आईला सुट्टी होती. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून रुपीनगरात गुरुवारी सकाळी सगळ्या गॅलऱ्यांत गोधड्या वाळत असतात. आई गोधड्या टाकून आत आली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"कुठं मारू सही?"

बीए इंग्रजी ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बायका हा माझा विषय होता, आणि त्यांच्या शेजारी ठेवून बघायच्या होत्या तळवडे-चाकणच्या हार्नेस लाइनवरच्या बायका. हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा. बायका दिवसभर उभ्याने बोर्डावर वायरी लावतात आणि त्यांवर टेप गुंडाळतात. सहा जणींच्या मुलाखती हव्या होत्या. माझ्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम यांनी बजावलं होतं, घरातलं माणूस घ्यायचं नाही, बाहेरचे परीक्षक हरकत घेतात. चौथ्या बाईच्या नवऱ्याने ऐन वेळी नको म्हटलं. तिच्या जागी मी आईला बसवलं आणि तिची मुलाखत घेतली. आई अकरा वर्षं हार्नेस लाइनवर होती.

संमतीपत्र इंग्रजीत होतं. त्यात एक ओळ होती, 'संशोधकाशी नाते'. तिच्यापुढे मी आधीच 'नाही' असं टाइप करून ठेवलं होतं.

"काय काय लिहिलंय ह्याच्यात?" आईने विचारलं.

"नियमाचं असतं. सगळ्यांना सारखंच."

"बघ बाई. घरबिर लिहून घ्यायलीस काय माझं?"

"भाड्याचं घर कसं लिहून घेऊ?"

"मंग भांडे घे."

ती परभणीकडची. पंचवीस वर्षं इथे राहूनही तिचं बोलणं तिकडचंच राहिलं. तिने जपून सही केली, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "झाले का मी पुस्तकात?"

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. काम झालं होतं. आणि माझी आई लाइनवर नाही, कंपनीत क्वालिटीला, माल तपासायला आहे असं मी चार वर्षं वर्गात सांगत आले होते, त्यामुळे ते 'नाही' टाइप करताना बोट अडखळलं नव्हतं.

शुक्रवारी ती पहाटे पावणेसहाच्या कंपनीच्या बसने गेली. पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये कुणी बोलत नाही. सगळ्या झोपतात, आणि गेटवर बस थांबली की शेजारणीने शेजारणीला उठवायचं, असा त्यांचा रिवाज. आईच्या शेजारी नऊ वर्षं विमलबाई बसत. महाळुंग्याच्या अलीकडे ट्रॅफिक लागलं तेव्हा आईचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. गेटवर त्यांनी तिला हलवलं. झोपेतच हृदय बंद पडलं असावं, असं डॉक्टर म्हणाले.

"मला वाटलं झोपलीया," विमलबाई तेरा दिवस रोज येऊन सांगत होत्या. "खांद्याला मुंग्या आल्या, तरी मी हलले न्हाई. म्हटलं, झोपू दे."

"बरं केलंत," मी म्हणायचे.

मी रडले नाही. चहा केला. आलेल्यांच्या चपला सरळ लावल्या. दुपारी लोक पांगले की संदर्भसूची तपासत बसायचे. स्वल्पविराम कुठे हवा, कुठे नको, एवढंच त्यात बघायचं असतं.

दहाव्यानंतर मंजुषा मॅडम भेटायला आल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. कुणाचा तरी हात कुणीतरी धरलाय, तसं मी ते बघत होते.

"आई कुठे होत्या कामाला?"

बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, "कंपनीत."

"मुदत वाढवून देते मी तुला."

"नको मॅडम. होत आलंय."

निघताना दारात त्या हळूच म्हणाल्या, "ही वेळ नाही, पण चार नंबरच्या बाईंची मुलाखत सगळ्यांत चांगली आहे गं. ते वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीला घे."

मी घेतलं. 'हात चालू असतात, डोकं रिकामं असतं. रिकाम्या डोक्यात मी घरचा सैपाक करून ठेवते.' पान एक्केचाळीस. खाली लिहिलं, प्रतिसादक क्रमांक चार.

सह्यांची संमतीपत्रं बंद पाकिटात विभागात जमा झाली होती. चूक दुरुस्त करायची तर नवं संमतीपत्र हवं, आणि त्यावर नवी सही. ती आता मिळणार नव्हती. खरं सांगितलं तर जुना कागद बाद होणार, त्याबरोबर मुलाखत बाद, आणि आईचं पान निघणार. नाही सांगितलं तर पान राहणार, आणि आमचं काही नातं नाही, हेही तिच्या सहीनिशी राहणार. मी दोन्ही बाजू नीट मांडून पाहिल्या. एखाद्या कादंबरीतल्या बाईबद्दल विचार करावा तशा. मग प्रबंध बांधायला दिला.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. पुण्याहून आलेले परीक्षक वयस्कर होते, बोलायला मऊ. शेजारी मंजुषा मॅडम. सगळं इंग्रजीत चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

"ही चार नंबरची बाई," एक्केचाळिसाव्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले. "फार छान बोलली आहे. तिला नंतर हे वाचून दाखवलंत का?"

"नाही सर. त्या वारल्या."

"अरेरे. कधी?"

"सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मंजुषा मॅडमनी मान वर केली.

"तुम्हाला कुणी कळवलं?"

"त्यांच्या बसमधल्या एका बाईंनी."

ते खरंच होतं. परीक्षकांनी मान हलवली आणि पान उलटलं. पुढचा प्रश्न कादंबऱ्यांवरचा होता. त्याचं उत्तर मला येत होतं, पहिलं वाक्य इंग्रजीत तयारही होतं. मी तोंड उघडलं ते मराठीत.

"सर, ती माझी आई होती. नातं नाही असं मी लिहिलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय म्हणून तिने मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं नाही."