शोकेसमधल्या यंत्रराजाचा सूड

मी यंत्रराज बोलतोय. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी जगन्नाथकाकांच्या दिवाणखान्यात एक काचेची शोकेस आहे. तिथे लाकडी हत्ती आणि मराठी मंडळाची सन्मानचिन्हं यांच्यामध्ये मला उभं करून ठेवलं होतं. आधीच सांगून टाकतो, मी स्वभावाने चांगला नाही. मी डूख धरतो. पितळेला विसरायची सोय नसते.

दिसायला मी एका जाड ताटलीएवढा. वर धरायला कडी, अंगावर ताऱ्यांची नक्षीदार जाळी, पाठीवर फिरणारी पट्टी. पट्टीच्या दोन टोकांना दोन छोटे उभे पत्रे आहेत आणि प्रत्येकाला एक बारीक भोक. मला कडीने लटकवा, सूर्याचा किरण भोकांतून जाईपर्यंत पट्टी फिरवा, मी सूर्याची उंची सांगतो. उंची कळली की जाळी फिरवून वेळ कळते. अरबी लोक मला अस्तुरलाब म्हणायचे. आपल्याकडच्या पंडितांनी मला यंत्रराज म्हटलं. हे नाव मला जास्त आवडतं, कारण त्यात माझी किंमत कळते.

पावणेचारशे वर्षांपूर्वी लाहोरच्या एका कारागिराने मला घडवलं. त्याच्या कपाळावर नमाजाचा घट्टा होता आणि बोटांना कायम पितळेचा वास. यातलं एकच काहीतरी निवड, असं त्याला कोणी कधी सांगितलं नाही. गाव बदललं की आकाशही बदलतं, म्हणून त्याने माझ्या पोटात पाच गावांच्या पाच चकत्या बसवल्या: लाहोर, आग्रा, दौलताबाद, मक्का आणि समरकंद. समरकंदला कोणी जाणार नव्हतं. पण तिथे एका राजाने मोठी वेधशाळा बांधली होती. पुढे त्या राजाला पोटच्या मुलाने ठार करवलं आणि वेधशाळाही मोडली. कारागीर म्हणाला, ‘वेधशाळा पाडता येते, अक्षांश पाडता येत नाही. असू दे ही चकती.’

मी दक्षिणेत औरंगाबादला एका मशिदीत आलो. तिथले मौलवी नमाजाच्या वेळा ठरवायचे. ते सकाळी पोरांना धर्मशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी त्याच चटईवर गणित. काय कडाक्याचे वाद व्हायचे तिथे! कापूस आगीमुळे जळतो, की दर वेळी देव स्वतः तो जाळतो, यावर जेवण गार होईपर्यंत भांडायचे लोक. पण कापूस कोणीही जाळो, दुसऱ्या दिवशी सूर्याची उंची मोजायचं मात्र कोणी थांबवलं नाही.

थांबवलं ते मौलवींच्या नातवाने. आजोबांनी वर्षभराच्या वेळा मोजून एक तक्ता केला होता. नातू म्हणाला, ‘आजोबांनी मोजलंय ना? पुन्हा कशाला? तक्ता वापरला तर काय जातंय?’ पुढे तो उत्तरेकडच्या गावी राहायला गेला आणि तक्ताही तोच घेऊन गेला. आकाश बदललं, आकडे बदलले नाहीत. मी खुंटीवर लटकून बघत होतो. मला कोणी तोडलं नाही, जाळलं नाही, माझ्यावर बंदीसुद्धा घातली नाही. मला विचारणं तेवढं बंद झालं. त्या नातवाला मी आजही क्षमा केलेली नाही. औरंगाबादला परतलेल्या त्याच्या वंशजांनी मला फुटक्या हंड्यांबरोबर तिथल्या जुन्या बाजारात मोडीत घातलं, तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी संताप आला.

तिथून मला उचललं ते इंजिनिअरिंग कॉलेजातल्या जगन्नाथने. दोन वर्षांनी, १९७४ साली, स्वेटरमध्ये गुंडाळून त्याने मला अमेरिकेला आणलं. कस्टमवाल्याने हे काय म्हणून विचारल्यावर तो म्हणाला, ‘पूजेचं ताट.’ त्याचा तो पहिला गुन्हा मी मनात नोंदवून ठेवला.

पुढे तो मोठा इंजिनिअर झाला, मग निवृत्त झाला, मग सगळ्यांचा काका झाला. त्याची मुलगी गिरिजा नऊ वर्षांची असताना तिने मला शोकेसमधून काढून चिंच लावून लखलखीत घासलं आणि विचारलं, “बाबा, हाउ डझ इट वर्क?” दोनशे वर्षांत मला कोणी केलेली ती पहिली चौकशी! पण बाबा म्हणाले, “ते अँटीक आहे, हात लावू नकोस. आत ठेव.” हा दुसरा गुन्हा.

आता तिसऱ्याकडे येतो. त्याचाच सूड मी घेतला.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी, मंडळाच्या हॉलमध्ये काकांचं व्याख्यान होतं. पडद्यावर मोठी अक्षरं होती: ‘बुद्धीला कुलूप: इस्लामी जगातल्या विज्ञानाचा अस्त’. मला टेबलावर मखमलीवर ठेवलं होतं. काका हातवारे करत सांगत होते, “एका धर्मपंडिताने एक ग्रंथ लिहिला आणि दिवा विझला! त्यांनी विचार करणं सोडलं. आपल्या रक्तातच प्रश्न विचारणं आहे.” टाळ्या पडल्या. मला मखमल टोचायला लागली. एका पुस्तकाने मी मेलो असतो तर त्या पुस्तकानंतर साडेपाचशे वर्षांनी लाहोरात जन्माला कसा आलो असतो? पण हे विचारणार कोण?

मागच्या रांगेतून गिरिजा उठली. ती पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी राहते, तिथे फिजिक्स शिकवते. सातवा महिना होता. आदल्याच दिवशी आईने हौसेने तिचं डोहाळजेवण केलं होतं.

“बाबा, त्याच्यावर आत्ता किती वाजले ते बघून दाखवा ना.”

काका हसले. “अगं, ते आता चालत नाही. शोपीस आहे.”

चालत नाही! मी! माझा एक खिळा हललेला नाही, एक रेघ पुसलेली नाही. पन्नास वर्षं ज्याने मला एकदा उन्हात धरलं नाही, तो भरल्या सभेत मला मेलेला म्हणाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! या माणसाची अशी फजिती करीन की आठवण राहील, असं मी मखमलीवर बसून ठरवलं.

फार वाट बघावी लागली नाही. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, सूर्यग्रहण होतं. अमेरिकेतल्या एका पट्ट्यात ते पूर्ण दिसणार होतं, एडिसनला नव्वद टक्के. गिरिजाने आणि तिच्या नवऱ्याने, सौमित्रने, पूर्ण ग्रहण बघायला वर्षभर आधी उत्तरेकडे हॉटेल बुक केलं होतं. ते महिन्यापूर्वीच तिने कॅन्सल केलं, कारण आई फोनवर रडली होती. दोन वर्षांपूर्वी गिरिजाचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. त्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही, पण ते मूल गेलं तेव्हा आईने नागपूरला फोन करून त्या महिन्यात ग्रहण होतं का, हे विचारून घेतलं होतं. मी शोकेसमधून ऐकलं होतं.

निदान अंगणातून तरी बघू, असं गिरिजाने मनाशी धरलं होतं. लहानपणापासून तिला ग्रहण बघायचं होतं, आणि आता पोटातल्या बाळासकट बघायचं होतं. मागच्या वेळी आपलं काही चुकलं नव्हतं, हे तिला एकदा उन्हात उभं राहून स्वतःलाच सांगायचं होतं. हे ती सौमित्रला फोनवर म्हणाली, तेव्हा माझ्यासमोरच उभी होती.

सकाळी काकांनी फ्रिजवर एक कागद लावला. नागपूरच्या सुहासिनीआत्याने व्हॉट्सॲपवर वेळ पाठवली होती: ‘यूएसए टाइम, स्पर्श १०.४२, मोक्ष दुपारी ३.५२.’ स्पर्श म्हणजे ग्रहण लागतं तेव्हा, मोक्ष म्हणजे सुटतं तेव्हा. काकांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

“बाबा, तुम्ही हे मानता?” गिरिजाने विचारलं.

“मी कुठे मानतो? मी सायन्सचा माणूस आहे,” काका पडदे ओढत म्हणाले. “पण उगाच रिस्क कशाला? पाच तास आत बसलीस तर काय जातंय?”

काय जातंय! तेच शब्द. खुंटीवर लटकून ऐकलेले. मला तो नातू समोर उभा दिसला, फक्त या वेळी त्याच्या अंगात विद्यापीठाचा स्वेटशर्ट होता.

गिरिजाने कागद वाचला, आईकडे पाहिलं. तिची आई, मालिनीकाकू, ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि उगाच तेच भांडं पुन्हा पुसत होत्या.  मग कागद पुन्हा एकदा वाचताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “ठीक आहे,” ती म्हणाली, “तीन बावन्नला बाहेर जाईन. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” काका म्हणाले.

टीव्ही बंद, पडदे बंद, सुरी कपाटात. गिरिजा सोफ्यावर पडून राहिली. तीन वाजून गेल्यावर पडद्याच्या फटीतलं ऊन राखाडी झालं, बाहेर पक्ष्यांचा आवाज कमी झाला. तिने डोळ्यांवर हात घेतला. ग्रहणाचा सगळ्यात मोठा घास ती अंधारात बसून घालवत होती. तिला काय वाटत होतं ते मला नीट कळलं, कारण मीही असाच बसलेलो आहे.

बरोबर तीन बावन्नला काकांनी स्वतःच्या हाताने पडदा सरकवला. “सुटलं! जा आता.”

गिरिजा उठली, तिने शोकेस उघडली आणि मला बाहेर काढलं. नवव्या वर्षी न मिळालेलं उत्तर तिने पुढे पुस्तकांतून शोधून काढलं होतं. मागच्या डेकवर जाऊन तिने माझ्या चकत्या उलगडल्या आणि चाळीस अंशांची समरकंदची चकती वर घातली. इतकी वर्षं पोटात निजलेली चकती एडिसनसाठी जवळजवळ बरोबर होती, अंशभराचा फरक सोडून.  गिरिजाने हात लांब करून मला उन्हात धरलं आणि पट्टी फिरवली.

काका दारातून म्हणाले, “अगं, ते चालत नाही म्हटलं ना.”

“चालतं, बाबा. तुम्ही कधी विचारलंच नाही त्याला.”

माझ्या भोकातून ऊन गेलं आणि पत्र्याच्या सावलीत, तिच्या पोटावरच्या निळ्या कुडत्यावर, प्रकाशाचा एक ठिपका पडला. ठिपका गोल नव्हता. करंगळीच्या नखाएवढी कोर होती ती. सूर्य अजून अर्धा खाल्लेला होता.

काका धावत आले. “हे काय? सुटलंय ना? आत चल, आधी आत चल!”

“अजून पाऊण तास आहे.” ती हलली नाही. “आत्याने साडेदहा तास वजा केलेत. घड्याळं मार्चमध्येच पुढे गेली, बाबा. आता फरक साडेनऊचा. आणि पंचांगातली वेळ सगळ्या पृथ्वीची असते, एडिसनची नाही. इथे दोन नऊला लागलं.”

“तुला माहीत होतं?”

“हो. तुम्ही तपासलं होतं का?”

चाळीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासून सह्या केलेला माणूस. काल सभेत प्रश्न विचारण्याचं रक्त सांगणारा माणूस. तो आपल्या डेकवर, पायात सपाता घालून, उभा राहिला आणि म्हणाला, “नाही.”

तो एक ‘नाही’ मी चवीचवीने ऐकला. नातवाचाही हिशेब त्यात मिटवून घेतला.

मग मालिनीकाकू आल्या. मला वाटलं, आता रडारड होणार. त्या लेकीच्या पोटावरच्या कोरीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून कोर झाकायला तळवा धरला. कोर त्यांच्या तळव्यावर आली. त्यांनी हात काढला, कोर पुन्हा पोटावर गेली.

“पाय मारतंय गं,” गिरिजा म्हणाली. काकूंनी पुन्हा हात ठेवला, या वेळी झाकायला नाही.

“मागच्या वेळी,” काकू म्हणाल्या, “मी आत्यांना विचारलं होतं. ग्रहण नव्हतंच त्या महिन्यात. तुला सांगितलं नाही. कुणावर तरी ढकलायचं होतं मला.”

 माझी कडी धरलेला गिरिजाचा हात खाली आला, आणि मला काकांनी धरलं. पहिल्यांदा, नीट, कडीने. त्यांनी विचारलं, “यात वेळ कशी बघतात?”

मला गप्प बसायचं होतं. खरंच. पन्नास वर्षांची थकबाकी होती. पण कोणी विचारलं की उत्तर द्यायचं, अशीच माझी घडण आहे. जाळी फिरली आणि मी सांगितलं: तीन वाजून काही मिनिटं. वर उन्हाळ्याचा एक तास घाला. काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, चार वाजून सात मिनिटं झाली होती, आणि लहान पोरासारखे हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही, कारण त्यानंतर त्यांच्यावर पूर्ण रागावणं जमत नाही.

जूनमध्ये गिरिजाला मुलगी झाली. ठणठणीत. मंडळात काही जण म्हणाले, बघा, ग्रहणात उभी राहिली तरी काही झालं नाही. अहो, एका मुलीवरून काय सिद्ध होतं? मोजायचं तर नीट मोजा, नाहीतर गप्प बसा.

गिरिजा मला न्यायला तयार होती. काकाच म्हणाले, “राहू दे इथे, मला लागतं.” आता मी शोकेसमध्ये नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत, फ्रिजसमोर, कडीने लटकतो. व्याख्यानाची ती मोठी अक्षरं काकांनी अजून बदललेली नाहीत. म्हणून मीही सूड संपवलेला नाही. आत्याचा नवा मेसेज आला आणि काका तो न तपासता उतरवायला बसले की मी दोऱ्यावर जरासा वळतो आणि चारचं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत सोडतो. ते चरफडतात, चष्मा काढतात, आणि मग आकडे पुन्हा मांडतात.

तुम्हाला विनंती वगैरे करणार नाही, तो माझा स्वभाव नाही. पण दुसऱ्यांच्या घरातल्या विझलेल्या दिव्यावर व्याख्यान द्यायला उभे राहाल, तेव्हा आधी आपल्या फ्रिजवरचा कागद वाचून या. आणि ‘तपासलं नाही तर काय जातंय’ असं तोंडात येईल, तेव्हा मला विचारा. काय जातं ते मला माहीत आहे. दोनशे वर्षं मीच गेलेला होतो.