न घेतलेला चहा

मित्रांनो, मला जुना म्हणा, चालेल. बिचारा मात्र म्हणू नका. मी कारखान्यात कानांवर लावायचा इअरमफ आहे. दोन कडक वाट्या आणि डोक्यावरून जाणारा एक पट्टा, एवढाच माझा पसारा. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात अजिनाथच्या कानांवर मी चार हंगाम काढले. ऊस चिरडणाऱ्या रोलरांचा गोंगाट मी असा अडवायचो की अजिनाथ माझं कौतुक करताना थकत नसे. मग नवे इअरमफ आले आणि त्याने मला घरी आणून खुंटीला टांगलं. फार राग आला होता मला.

त्या खुंटीवरून मला काढलं ते त्याच्या लेकीने, धनश्रीने. तेव्हा ती दहा वर्षांची होती, आता सोळाची आहे. धनश्री स्वमग्न आहे. मिक्सर, डीजे, वर्गातला गलका, सगळं तिच्या अंगावर येतं. ती कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, बोलताना जमिनीकडे बघते. पण घडलेली गोष्ट ती जशीच्या तशी, क्रमाने सांगते. मधला तुकडा कुणी गाळला तर तिला खपत नाही. मला लावून ती शाळेत गेली, दहावी पास झाली. माझ्या वाटीची मऊ गादी फाटली तेव्हा तिनेच जुन्या मोज्याचं कापड लावून ती शिवली.

गेल्या जानेवारीत एका दुपारी अजिनाथचा चुलतभाऊ वाल्मिक घरी आला. घरात ती एकटीच होती. त्याने आधी मला तिच्या कानांवरून ओढून फेकलं. मी कॉटखाली जाऊन पडलो. त्याने तिच्यावर बलात्कार केला. जन्मभर मी आवाज अडवले, त्या दुपारी एकही अडवता आला नाही. तिथे काय काय घडलं ते सांगायचा हक्क तिचा आहे, म्हणून मी एवढ्यावरच थांबतो.

संध्याकाळी तिने मला कॉटखालून काढून कानांवर चढवलं आणि आईला सगळं सांगितलं. आईने एका शब्दाचीही शंका घेतली नाही. अजिनाथ मात्र भावकीला भ्याला आणि पोलिसांऐवजी आधी थोरल्यांना सांगून आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच भावकी आमच्या ओसरीवर जमली. आमच्याकडची रीत अशी, की चुकलेल्याने पाय धरायचे आणि मग सगळ्यांनी एकाच पातेल्यातला चहा घ्यायचा. चहा पोटात गेला की मिटलं. तो विषय पुन्हा कुणी काढायचा नाही.

"काय चुकलं असंल तर माफ करा," म्हणत वाल्मिकने अजिनाथचे पाय धरले आणि पुन्हा ताठ मानेने बसला.

"पोरीला कुठं काय कळतंय?" भावकीतले थोरले आसारामआबा म्हणाले. "नजर तरी वर करती का? खोटं बोलनारंच खाली बघतंय. घ्या, चहा घ्या."

धनश्रीच्या हातात कप दिला गेला. ती उभी राहिली.

"मी चहा घेनार न्हाई. माझं सांगून झालं न्हाई."

"बस खाली!" आबा खेकसले.

"माझी नजर खाली हाय, त्याची वर हाय. पन केलं त्यानंच."

ती अंगणात गेली आणि तिने कप ओतून दिला. पाठोपाठ आईनेही आपला ओतला. अजिनाथ कप धरून बसूनच राहिला. खरं सांगतो, त्या घडीला मला त्याचा संताप आला होता. शेवटी त्याने कप खाली ठेवला.

"आबा, तुमी घ्या चहा. आमी ठाण्यात चाललो."

जबाब घ्यायला एक पोलीसबाई साध्या साडीत घरीच आल्या. "हे काढतेस का, बाळा?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. "न्हाई. मला ऐकू येतंय," धनश्री म्हणाली. बाईंनी उठून घरघरणारा पंखा बंद केला. "बरं. खाली बघूनच सांग," त्या म्हणाल्या. धनश्री अडीच तास सांगत होती.

वाल्मिक आज कोठडीत आहे. खटला चालू आहे, निकाल लागायचाय. साक्षीच्या दिवशीही मी तिच्या कानांवरच असणार, कुणाला आवडो न आवडो. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी मोडलो तर बाजारात दुसरा मिळेल. पण कुणी जमिनीकडे बघून सांगत असेल तर तिचं पुरतं ऐका, आणि तुमच्या सोयीचं वाक्य तिच्या तोंडी घालू नका. कारण जबाबाच्या दिवशी चांगल्या माणसाकडूनही ते झालं. बाईंनी जबाब वाचून दाखवला, त्यात एक ओळ होती, 'मी घाबरून गप्प राहिले.' धनश्रीने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी गप्प नव्हते. मी नको म्हनाले. ते लिहा."

बाईंनी ती ओळ खोडली आणि वर नवी लिहिली. धनश्रीने ती दोनदा वाचली. मग सही केली.