हिरव्या फियाटचा जबाब

विषय : मयत दौलत यांच्या नावापुढील ‘वाहनचोर’ हा शब्द खोडणेबाबत.
संदर्भ : १) श्रीमती शेवंती यांचा अर्ज. २) त्यावरील स्मरणपत्रे, एक ते चौदा. ३) मी.

मी एक फियाट बोलतेय. संदर्भातल्या पहिल्या दोन कागदांना आवक क्रमांक आहेत, मला नाही. त्यामुळे माझा जबाब आजवर कोणी नोंदवलेला नाही. तो आता देते.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा. रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा. लोअर परळच्या एका गिरणीत विणाई खात्याचे जे मास्तर होते, त्यांनी मला कोरी घेतली. मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती. मागे बसता मात्र फार छान येत असे. म्हणून त्यांनी दौलतला ड्रायव्हर ठेवलं.

दौलत लालबागच्या चाळीत राहायचा, मूळचा मालवणकडचा. हॉर्न वाजवण्याआधी स्वतःचा घसा खाकरायचा, जणू रस्त्यावरच्या माणसाची आगाऊ माफी मागतोय. त्याच्या तळव्यांना घाम फार, स्टीअरिंग निसटायचं. म्हणून त्याच्या बायकोने, शेवंतीने, गिरणीच्या सुताचं एक वेष्टण विणलं आणि गाडीत बसूनच माझ्या चाकावर चढवलं. शेवटी पांढरं सूत अपुरं पडलं.

“लाल चलात?” तिने विचारलं.

“चलात काय, धावात!” दौलत म्हणाला.

चाकावर डाव्या हाताच्या जागी लाल सुताचे सात वेढे आले. हे सात वेढे ध्यानात ठेवावेत. या प्रकरणात खोटं न बोललेली तेवढी एकच गोष्ट आहे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. गिरणी बंद होती, म्हणजे पुढच्या दाराने बंद होती. मागच्या दाराने दहावीस सांचे, म्हणजे माग, चालवायचा मास्तरांचा खटाटोप चालू होता. कधी माझ्या मागच्या सीटवर दोन नवे कामगार आडवे झोपवून, वर चादर टाकून आत नेले जात. ही गोष्ट गुप्त होती, म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होती.

दौलतच्या खोलीपासून दोन दारं सोडून जयवंत राहायचा. तोही त्याच गिरणीत, चार सांच्यांवरचा विणकर. संपात त्याच्या घरची तांब्यापितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली, आणि मग मोडायला काही उरलं नाही.

ऑक्टोबरातली दुपार होती, दीडचा सुमार. गिरणीच्या मागच्या गल्लीत पंधरावीस जण उभे होते. माझ्या मागच्या सीटवर चादर होती. चादरीखाली मास्तरांचा जेवणाचा डबा होता. तो गरम राहावा म्हणून चादर होती.

पहिला दगड पुढच्या काचेवर आला. दौलतने डोकं चाकावर टेकवलं आणि काच त्याच्या मानेवर सांडली. मग माझ्या टपावर माणसं चढली. उजव्या दाराशी जयवंत आला. त्याच्या हातात सांच्याचा लाकडी दांडा होता, ज्याच्या फटक्याने धोटा या टोकाचा त्या टोकाला जातो तो. दोन फटके दारावर बसले, पत्र्याला वीतभर पोचा पडला. तिसऱ्याने खिडकी गेली. चौथा आत आला तो दौलतच्या कानशिलावर.

दौलतने तोंड वर केलं. एक डोळा मिटलेला होता, दुसऱ्याने त्याने पाहिलं आणि म्हणाला, “जया! मी रे, दौलत!”

दांडा हवेत थांबला. धोटा एकदा जाऊन येतो तेवढा वेळ. आणि मग आणखी दोन घाव पडले.

ते दोन रागाने पडले की हाताच्या सवयीने, हे मला सांगता येत नाही. माणूस उघडून बघायची सोय नसते. माझं निदान बॉनेट तरी उघडतं. दौलत चाकावर कोसळला आणि त्याच्या छातीखाली माझा हॉर्न सुरू झाला. घसा न खाकरता पहिल्यांदाच. बॅटरी उतरेपर्यंत तो वाजत राहिला. गर्दी पांगली. जाता जाता कोणीतरी चादर ओढली. डब्यात चौथ्या पुडात श्रीखंड होतं, त्याला धक्कासुद्धा लागला नव्हता.

पोलिसांसमोर मास्तर म्हणाले, मी गाडी पाठवलीच नव्हती. पाठवली म्हटलं असतं तर कोणाला न्यायला, हेही सांगावं लागलं असतं. ड्रायव्हर त्या दिवशी रजेवर होता, त्याने आवारातून गाडी पळवली आणि आपल्याच साथीदारांशी झटापटीत मेला. पंचनाम्यात हे तीन ओळींत बसलं. चाळीने काही पाहिलं नाही. दौलत कामावर होता म्हणायचं, तर त्याला कोणी मारलं तेही म्हणणं आलं.

शेवंतीने पहिला अर्ज तेव्हा केला. टेबलामागच्या कारकुनाला ती म्हणाली, “माका भरपाई नको. माझो घोव चोर नाय, इतक्यांच लिवा.”

“पुरावा?”

“गाडी बघा. आत बसलेल्याक बाहेरसून मारल्यानी, तां गाडीर दिसताला.”

“गाडी कुठाय?”

ते तिला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा हिंदमात्याच्या कापडबाजारात होते. पोलिसांनी सोडताच मास्तरांनी मला एका साडीवाल्या शेटजींना विकलं होतं. शेटजींनी पुढची आणि खिडकीची काच तेवढी बसवली, टप आतून लाथेने वर केला आणि दाराच्या पोच्याकडे बघून म्हणाले, “साड्यांना काय दिसतंय?” आठेक वर्षं मी साड्या वाहिल्या. लालबागपासून चालत वीस मिनिटांवर.

एक्क्याण्णव साली जयवंत मला बघायला आला. गिरणी सुटल्यावर शिवडीच्या एका गोदामात तो मुकादम झाला होता आणि रोज जायला-यायला त्याला छोटी, जुनी गाडी हवी होती. त्याने टायर लाथाडले, बॉनेट उघडून तोंड वाकडं केलं. जुनी गाडी घेणारा जे जे करतो ते सगळं केलं. मग उजव्या दाराशी आला. पोच्यात हात ठेवला. हात बराच वेळ काढला नाही.

“रंगाचं बघा हं, तेवढं एक जुनं आहे,” शेटजी म्हणाले.

“घेतो,” जयवंत म्हणाला.

त्याने मला थेट शिवडीला राजाराम डेंटरकडे नेलं. राजारामने दारावर बोटं फिरवली.

“भाऊ, ही ठोकलेली नाय. ही हाणलेली आहे. ठोकली की पत्रा चुरगळतो. हा दांड्याचा मार.”

“तुला पत्रा सरळ करायला सांगितलाय, पत्रिका बघायला नाही.”

मग मला आतबाहेर सोलण्यात आलं. पोचा ठोकून जमेल तेवढा वर आणला, उरला त्यात लांबीची पुट्टी भरली, पॉलिशपेपर मारला. सीट फाडून नवं रेक्झिन घातलं. पायाखालचं रबर उचललं तर खाली काळी खपली होती.

“ऑइल?” राजारामने विचारलं.

“ऑइल.”

“ऑइल असं सुकत नाय, भाऊ.”

“तू घास.”

त्याने घासलं. वर साईच्या रंगाचे तीन हात बसले. “रंग बदलल्याची नोंद गाडीच्या पुस्तकात करून घ्या,” राजाराम म्हणाला. जयवंत म्हणाला, “बघू नंतर.” या ‘बघू नंतर’कडे आपण शेवटी परत येऊ.

राहिलं चाकावरचं वेष्टण. राजारामने ब्लेड लावलं, तसा जयवंत ओरडला, “थांब! ते ठेव.”

“कळकट झालंय, भाऊ. नवीन प्लास्टिकचं घालतो की.”

“धू सोड्यात. गाठ बघ, गाढवा. इतक्या वर्षांत एक टाका सुटलेला नाही. हे विणकाम आहे, तुझी लांबी नाही.”

ज्याने माझ्या अंगावरची खूण न खूण बुजवली, त्याला चांगलं विणलेलं सूत कापवेना. वीस वर्षं सांच्यापुढे उभं राहिलेल्या माणसाचा तो नाइलाज होता. वेष्टण सोड्यात तीनदा पिळलं. दोनदा पाणी तांबूस निघालं, तिसऱ्यांदा स्वच्छ. लाल वेढ्यांचा रंग पक्का होता, तो गेला नाही. ते कोणी विणलं होतं हे जयवंतला माहीत नव्हतं.

दसऱ्याला मला चाळीसमोर उभं केलं. झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, जयवंतची बायको नलू ताट घेऊन. सगळी चाळ खाली उतरली. शेवंती गॅलरीत उभी होती. विधवेने अशा वेळी लांब राहायचं, हे चाळीला न सांगता कळत असे.

जयवंतला त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे. त्याने वर बघून हाक मारली, “वहिनी, अहो या की खाली! तुमचीच गाडी समजा.”

ती आली. कौतुक करावं म्हणून खिडकीतून आत वाकली. वाकलेलीच राहिली. मग हात आत घालून एकेका वेढ्यावर बोट ठेवत गेली. एक, दोन, तीन. सातावर थांबली.

“ह्यो दोरो माझो,” ती म्हणाली.

“कसला दोरा, वहिनी?”

तिने नलूच्या ताटातला नारळ उचलला. “नारळ मी वाढवतंय,” म्हणाली आणि दोन्ही हातांनी तो माझ्या पुढच्या काचेवर घातला. काच गेली. नारळ फुटून बॉनेटवर आला. तिने अर्धी करवंटी उचलली आणि तिच्या धारेने माझं उजवं दार खरवडायला लागली. साईचा रंग सालासारखा निघाला. खाली हिरवा दिसला.

“अगो शेवंते, सोड!” कोणी बाई ओरडली.

“कोणी हात लावूचो नाय!”

ती दारावर करवंटीने ठोकत राहिली. तिची बोटं फाटली, रक्त पत्र्यावरून ओघळलं. राजारामची लांबी आधी तडकली, मग खपलीसारखी खाली पडली, आणि नऊ वर्षांपूर्वीचा पोचा पुन्हा सगळ्यांसमोर उघडा झाला.

तिने वळून चाळीकडे पाहिलं. “कोणी मारल्यान?”

दीडशे माणसं उभी होती. त्यातली निदान पंधरा त्या गल्लीत होती. झेंडूच्या माळेकडे सगळे अशा एकाग्रतेने बघत होते, जणू ती आत्ता काहीतरी बोलणार.

“मी,” जयवंत म्हणाला. “त्याने मला हाक मारली होती, वहिनी. नाव ऐकल्यावर… आणखी दोन घातले.”

शेवंतीने करवंटी त्याच्या कपाळावर मारली. मग पुन्हा मारली. तो हलला नाही, हात वर केला नाही. नलू किंचाळत मधे आली तेव्हा त्याने तिलाच बाजूला सारलं. दोन झाल्यावर शेवंती आपणच थांबली.

“चल,” ती म्हणाली. “लिवन दी.”

डोळ्यांत उतरणारं रक्त बाहीने पुसत त्याने मला चालवत पोलीस ठाण्यात नेलं. ती मागे बसली. रोजच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीचा वापर त्या दिवशी सुरू झाला आणि त्याच दिवशी संपला. अंतर, दीड किलोमीटर.

जयवंतने सगळं लिहून दिलं, दोन घावांसह. तो जामिनावर आहे. मला ठाण्याच्या आवारात लावलं, तिथेच आहे. चारही टायर बसले आहेत, डिकीत मांजर दोनदा व्यालं. वेष्टण काढून लखोट्यात सील केलं आहे. लखोट्यावर ‘दोऱ्याचे वेटोळे, एक’ असं लिहिलं होतं. शेवंतीने भांडून ते ‘विणकाम, एक’ असं करून घेतलं. तिचं तेवढं एक काम सरकारदरबारी झालं आहे.

अडचण अशी. जुन्या पंचनाम्यातली गाडी हिरवी आहे आणि आवारातली साईच्या रंगाची. नंबर तोच असला तरी रंग बदलल्याची नोंद पुस्तकात नाही. तेव्हा ही तीच गाडी, असा वाहन खात्याचा दाखला लागतो. वाहन खातं म्हणतं, गाडी तपासणीला आणा. ठाणं म्हणतं, जप्त गाडी हलवता येत नाही. निरीक्षकाने इथे यावं, असा अर्ज मग शेवंतीने केला. खाली साक्षीदार म्हणून जयवंतने सही केली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघं चौकशीला येतात. एकाच बाकावर बसतात, मधे दोन माणसांची जागा सोडून.

मी तीच आहे असं ठरलं, तर दौलतच्या नावापुढचा शब्द जाईल आणि जयवंत तुरुंगात जाईल. दोघं त्यासाठीच येतात.

माझी विनंती एकच. निरीक्षकसाहेबांनी येताना एक करवंटी आणावी. डाव्या बाजूचा रंग अजून खरवडायचा आहे, खाली हिरवा आहे.

आज सोमवार होता. अर्ज प्रलंबित आहे.