बघून काढलेला हात

वडिलांनी चिकटपट्टी टर्रकन ओढली, वरचा पुठ्ठा बाजूला केला आणि चित्र पुन्हा भिंतीला टेकवून उभं केलं.

"हे असं जाणार नाही."

मुलीने घड्याळाकडे पाहिलं. "बाबा, प्रदर्शनाचा टेम्पो निघालाय. पोचेलच आता."

"पोचू दे. तोवर हात नीट कर."

चित्र त्यांचंच होतं. पांढरा कोट, लाकडी खुर्ची, गुडघ्यावर ठेवलेला उजवा हात. चेहरा हुबेहूब उतरला होता. हात मात्र एका कडेवर थांबत नव्हता. बोटांच्या बाहेर बोटांच्याच फिकट कडा उमटल्या होत्या.

"आठ बोटं दिसतायत. पेशंट म्हणतील, डॉक्टर जादा बोटं लावून दाढा उपटतात."

ती हसली नाही. खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातले निम्मे पेशंट उद्या त्या हॉलमध्ये येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"इतकी वर्षं म्हणायचात, मला यातलं ओ की ठो कळत नाही. आज एकदम परीक्षक?"

"हात हातासारखा दिसावा, एवढं कळतं मला. नाही दिसला तर चित्र वाईट. साधी गोष्ट आहे."

"माझ्या लेखी उलटं आहे. दिसलं ते काढलं तर चित्र चांगलं. माहीत आहे ते काढलं तर वाईट. हाताला पाच बोटं असतात हे मलाही माहीत आहे, बाबा."

"मग काढ ना पाच!" त्यांचा आवाज चढला. "चारचौघांत बापाचा हात असा टांगणार आहेस?"

दाढ काढताना किंचाळणाऱ्या माणसावरही ते कधी आवाज चढवत नसत. आपलंच चुकलं असेल, असं तिला वाटून गेलं. हा हात तिने पुनःपुन्हा पुसला होता. हात लांब करून धरलेल्या ब्रशच्या टोकाशी त्यांचं मनगट जुळवायचं आणि त्यांच्या बोटाचं टोक येईल तिथे ब्रशवर आपला अंगठा सरकवायचा, ही तिची माप घ्यायची रीत. बाकी सगळी मापं जुळली. हाताचं दर खेपेला वेगळं आलं. शेवटी कंटाळून तिने आलेली सगळी मापं कॅनव्हासवर राहू दिली, आणि नेमकं तेच तिला आवडून गेलं.

"बसा मग," ती म्हणाली. "तुमच्यासमोर सुधारते."

ते घुटमळले. "आठवून नाही जमणार?"

"नाही."

ते बसले. उजवा हात गुडघ्यावर ठेवला. तिने रंग कालवला, एक डोळा मिटला, ब्रश समोर धरला. टोकाशी मनगट. तिचा अंगठा ब्रशवर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. ब्रश तर हलत नव्हता. वडिलांनी डावा हात उजव्यावर ठेवला आणि तो दाबून धरला.

तिने ब्रश खाली घेतला.

"कधीपासून, बाबा?"

"चित्राचं बोल."

"चित्राचंच बोलतेय."

जिन्याखालून दवाखान्यातल्या मदतनीस बाईंची हाक आली. "सर, अक्कलदाढवाल्या बाईंना खुर्चीत बसवलंय. फार घाबरल्यात हो, या लवकर."

"आलो."

ते उठले, कोटाची बटणं चाचपली. ती दाराशी उभी होती. तिने वाट अडवली नाही, पण बाजूलाही झाली नाही. तिला वळसा घालून ते जिना उतरू लागले. मधल्या वळणावर पावलं थांबली. खाली कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"त्यांना बाहेर बसवा," ते म्हणाले. "म्हणावं, आज मी दाढ काढत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावतो."

"काय झालं, सर?"

कठड्याला धरून ते तिथेच पायरीवर बसले.

"टेम्पो आला की हाक मार," वर न बघता ते मुलीला म्हणाले. "एकटीने उचलू नकोस. दुसरी बाजू मी धरतो."