कोणती कूस?

"पुन्हा परत पाठवलं?" बॉयलरवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आता काय खोट काढली त्याने?"

लेकीने पडद्यावरचं वाचून दाखवलं. "तपासनीस म्हणतात, एक्स्टेंशन बंद होताना त्याने आपला पसारा आवरला पाहिजे. चालू मोजणी थांबवा, मगच मंजुरी."

"मोजणी थांबवा! वा रे शहाणा! मग हिला कुशीवर वळवायला तो येणार का?"

पलंगावरून बायकोने घशातून काहीतरी आवाज काढला. हसली असावी. अर्धांगाच्या झटक्याने तिची वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. डाव्या हाताची बोटं तेवढी तिच्या ताब्यात होती. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर अंगाला जखमा होतात. त्यासाठीच बॉयलरवाल्यांनी या वयात, लेकीच्या जुन्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर धडपडत शिकून, हे उलटं मोजणारं घड्याळ, म्हणजे पडद्याला जोडायचं एक छोटं एक्स्टेंशन, लिहिलं होतं. पडद्याच्या वरच्या पट्टीत मिनिटं उतरत जात, शून्यावर घंटा वाजे आणि पुढची कूस लिहून येई: डावी किंवा उजवी.

पण घड्याळाचं डोकं फिरलं होतं. घंटा कधी एकदा वाजे, कधी लागोपाठ दोनदा, कधी तीनदा. कूस कधी बरोबर, कधी चूक. मंगळवारी तर बायको चार तास उजव्याच कुशीवर पडून राहिली आणि कमरेच्या हाडावर नाण्याएवढा लाल डाग उठला. तेव्हा लेक म्हणाली, अशी एक्स्टेंशनं तपासून मंजूर करणारे असतात, एकदा त्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाऊ दे.

"तीस वर्षं बॉयलरवर काढली मी," ते म्हणाले. "पाळी संपली म्हणून आग विझवून घरी जातं का कुणी?"

"नाही. पण पुढच्या पाळीचा माणूस आल्यावरही तुम्ही कोळसा टाकत उभे राहायचात का?"

"मी कशाला राहीन?"

"तुमच्या घड्याळातला मोजणारा राहतो, बाबा. तुम्ही जरा आडवे झालात की पडद्याला कुलूप लागतं आणि एक्स्टेंशन बंद होतं. पण मोजणारा घरी जातच नाही. कुलूप उघडलं की दुसरा येतो. मग दोघंही मोजतात, दोघंही घंटा वाजवतात, दोघंही कूस बदलतात."

बॉयलरवाल्यांनी बोटांवर हिशेब केला. उजवी, डावी, परत उजवी. "म्हणजे जिथल्या तिथे!"

"आणि तिसरा आला की पुन्हा बरोबर."

"अरे देवा. म्हणजे माझ्या झोपा मोजायला हव्या होत्या." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "पण पहिल्याला घरी धाडलं, तर दुसऱ्याला कळणार कसं किती वेळ राहिला?"

"पाळीच्या वहीत काय लिहायचात तुम्ही?"

"पाणी किती, दाब किती, पुढचं पाणी किती वाजता सोडायचं..."

"तपासनिसांनी तेच लिहिलंय. किती मिनिटं उरली ते उराशी धरून बसू नका. किती वाजता संपतं ते लिहून ठेवा. येणारा घड्याळ बघेल."

"आणि कुलूप असतानाच वेळ भरली तर?"

"तर घंटा वाजणार नाही. ते कुलूपच काढून टाकू."

"काढ. चोर आला तर त्यालाच म्हणू, जरा हिला वळव."

लेक हसली. बॉयलरवाले हसले नाहीत. त्यांना मंगळवार आठवला. घंटा झाली, पडद्यावर 'उजवी' आलं. बायको तर उजव्याच कुशीवर होती. लेक मघाशी जेवायला येऊन गेली होती. तिनेच वळवलं असेल, असं समजून ते खुर्चीत टेकले. बायकोने डाव्या हाताने गादीवर टकटक केलं. बोट हलवून नाही नाही केलं. आणि त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून तिला समजावलं होतं, "अगं, हे बघ ना, उजवीच लिहिलंय."

दोन दिवस खपून त्यांनी मोजणाऱ्याला घरी धाडायला शिकवलं. संपायची वेळ लिहून ठेवायला शिकवलं. मग कुशीच्या सगळ्या ओळी शोधून शोधून पुसल्या आणि तिसऱ्यांदा पाठवलं.

तपासनिसांचा प्रश्न आला: बाकी सगळं ठीक आहे. पण डावी-उजवी का काढली? आता तर ती बरोबर चालली असती.

बॉयलरवाल्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत उत्तर लिहिलं: "ते तिला विचारता येतं."

दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. लेक कामावर गेली होती, सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी बायकोला सांगितलं. तिने डोळे मिटून उघडले.

दुपारी घंटा झाली. एकदाच. सवयीने त्यांची मान पडद्याकडे वळली. तिथे नुसती वेळ होती. ते उठले, पलंगाच्या कडेला बसले आणि आपला तळवा तिच्या डाव्या हाताखाली सरकवला.

"कोणती गं?"

तिला वेळ लागला. वरच्या पट्टीत पुढचे दोन तास उतरायला लागले होते. ते तसेच हात धरून बसून राहिले.