खळ्यावरचं ऊन

हिंजवडीजवळच्या चांदे गावात आमच्या घराला लागून बावीस मजली टॉवर उभा राहिला. जागा आमच्याच खळ्याची होती, विकलीही आम्हीच, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही. पण दुपारची जेवणं उरकेपर्यंत त्याची सावली आमच्या गच्चीवर येऊन बसते ती उठत नाही. माणसांना बरं वाटतं. कुरडईला नाही.

कुरडई माझ्या सासूबाईंची. त्यांचं नाव रत्नाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या गव्हाच्या कुरडया हिंजवडीच्या कंपन्यांतल्या बायका वर्षभर पुरवून खातात आणि ऑर्डरी माझ्या मोबाइलवर येतात. पण गेल्या साली अर्ध्या उन्हात वाळलेल्या कुरडया डब्यांत गेल्या आणि त्यांना बुरशी धरली. लोकांनी फोटो पाठवले. मी ते दाखवणार नव्हते, पण आत्यांनी मोबाइल हातातून ओढून घेतला आणि मग कितीतरी दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

यंदा माझ्या नवऱ्यानं, इंद्रजितनं, सरळच सांगून टाकलं, "आई, ह्या वक्ताला बिघडल्या तर सोऱ्या माळ्यावर टाकायचा. लोकांत नाव घालवायचं न्हाई."

"कशा बिघडत्यात तेच बघते," आत्या म्हणाल्या.

होळी झाली आणि त्यांनी गहू भिजत घातले. ते झाल्यावर मला घेऊन टॉवरच्या चेअरमनना, दयानंद साहेबांना, गाठलं आणि कुरडया वाळवायला वरची गच्ची मागितली. साहेब लातूरकडचे, बोलायला मऊ. म्हणाले, "काकू, टेरेसवर वाळत घालायची परवानगी नाही. तरी रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतो."

"रविवारपत्तोर माझं गहू नासत्याल की."

"मग मीटिंगनंतर भिजवायचे होते ना!"

मलाही तेच वाटत होतं. गहू एकदा भिजला की कुणाच्या मीटिंगसाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी वाटायचा, चीक गाळून रात्रभर निवळत ठेवायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकून शिजवायचा. शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून पाडून कडक ऊन द्यायचं. परत येताना मी म्हटलं, "एवढं ठाऊक असून आधी का भिजवलेत?"

"आदी इचारलं असतं तर म्हनले असते, फुडल्या साली बघू."

शिजवायच्या दिवशी सकाळी सावडीच्या बायका आल्या. सावड म्हणजे आज तू माझ्याकडं राब, उद्या मी तुझ्याकडं. पैशाचं नाव काढायचं नाही. शेजारच्या सगुणाबाईंनी पदर खोचत विचारलं, "रत्ना, चूल कुटं मांडायची?" आत्यांनी बोट दाखवलं. जागा आमच्या हद्दीतली, पण टॉवरच्या गेटला खेटून!

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कॅबची वाट बघणारी पोरं-पोरी टकामका बघत होती. आंबूस वास मजल्यामजल्यावर चढला, खिडक्या उघडल्या, काही धाडकन लागल्या. आत्या मात्र दोन्ही हातांनी चीक घोटत होत्या. गाठ होऊ द्यायची नाही, एवढंच त्यांना दिसत होतं.

चीक शिजला की दारात येईल त्याला आधी वाटीभर द्यायचा, मगच सोऱ्या हातात घ्यायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. पहिली वाटी वॉचमनला गेली. दुसरी द्यायच्या आत दयानंद साहेबांच्या मिसेस, कल्पनाताई, गाऊनवर ओढणी टाकून खाली आल्या. भांडायलाच आल्या म्हणून मी पुढं सरसावले. त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "गूळ आहे का हो?"

उभ्या उभ्या त्यांनी वाटी संपवली. "आई गेली तेव्हापासून आज खाल्ला," म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग आवाज खाली आणून, "चला वर. कुणी विचारलं तर माझं वाळवण आहे म्हणून सांगते."

मी लगेच पातेल्याला फडकं गुंडाळलं. आत्या जागच्या हलल्या नाहीत.

"चोरून न्हाई वाळवायचं, बाई. रत्नाबाईचं म्हणूनच वर जाईल. मालकांना बोलवा."

असा राग आला मला! चीक निवत चालला होता. निवला की सोऱ्यातून धार पडत नाही, नुसते तुकडे पडतात. हातातोंडाशी आलेला घास ही बाई स्वतःच्या हातानं लोटत होती.

साहेब आले. "काकू, आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळेच मागतील. आणि खरं सांगू का, ही जागा तुम्हीच विकलीत ना?"

"जिमीन विकली, साहेब. ऊन न्हाई विकलं."

साहेबांनी वर टॉवरकडं बघितलं. "बरं, सोसायटीला भाडं तरी..."

"भाडं न्हाई. सावड करा. आज तुमची गच्ची माझ्यासाटी, उद्या आमी समद्या तुमच्या सोसायटीतल्या बायकांसाटी. ज्या घरात कुरडई करायची, तितं आमी येतो."

साहेब काही बोलायच्या आत कल्पनाताई म्हणाल्या, "पुढची पाळी माझी. मी आजच गहू भिजवते."

"अगं, पण मीटिंग अजून..."

"रविवारी मीटिंग. तोवर माझा चीक तयार असेल."

आत्यांनी माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. साहेबांनी आधी बायकोकडं, मग वाटी चाटणाऱ्या वॉचमनकडं बघितलं. "लिफ्टमध्ये सांडू नका," एवढंच म्हणाले.

वर ऊन असं होतं की डोळे उघडवेनात. पहिल्या दोन कुरडया तुटल्याच. मग आत्यांनी अंगाचा सगळा भार सोऱ्यावर टाकला आणि तार सुटली. सगुणाबाई ओरडल्या, "पडली गं, पडली!"

दोन उन्हं मिळाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंद्रजित वर आला. आत्यांनी एक कुरडई उचलून त्याच्या कानाजवळ मोडली. कट्‌कन आवाज झाला. तो हसला, मग कठड्यावरून खाली बघत राहिला. आमची गच्ची कधीचीच सावलीत गेली होती.

"आई, आपलं खळं नेमकं हितंच हुतं ना?"

"व्हय. त्या खळ्यावरचंच ऊन हाय हे," आत्या म्हणाल्या. "जरा वर गेलंय, येवढंच."