काळीचा थांबा

जयरामच्या काळीचं नाव शहापूरपासून मुरबाडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते चांगल्याच कारणासाठी होतं असं काही नाही. बापाने घेतलेली ती जुनी काळी मोटार लग्नसराईत लोक हौसेने बोलवायचे. झेंडूच्या माळा चढल्या की ती अशी दिसायची, की शेजारच्या नव्याकोऱ्या गाडीकडे कोणी ढुंकूनही बघू नये. पण वैशाखाच्या उन्हात मुरबाडच्या रस्त्याचा चढ लागला, की वाडीपाशी ती हटकून रुसायची. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलचा पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि वाफेवर धावायला ती काही आगगाडी नव्हती. मग वाडीतली मंगळी हापशावरून हंडा भरून आणायची, जयराम पंपावर ओलं फडकं टाकायचा, आणि वरात चिंचेखाली बसून राहायची.

लोक हसायचे, जयरामही हसायचा. त्याच्या दामिनीची सुपारी फुटली त्या दिवशी मात्र त्याला हसू आलं नाही. मुरबाडचे व्याही भरल्या पंगतीत म्हणाले, "पोरगी तुमच्याच गाडीतून धाडताय ना? मग जेवणावळ वाडीलाच ठेवू काय?"

सगळी पंगत खदखदली. जयरामच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी तो कल्याणला जाऊन विजेवर चालणारा पंप घेऊन आला.

बसवायला मदतीला दामिनीच होती. लहानपणापासून बापाच्या हातात नेमका पाना देणारी तीच. जुना पंप काढून त्या भोकावर त्यांनी पत्र्याची पट्टी बसवली, आणि नवा पंप मागे, टाकीजवळ, इंजिनाच्या धगीपासून लांब लावला. त्याचा स्विच चोरांच्या भीतीने ड्रायव्हरच्या सीटखाली, मागच्या अंगाला दडवला. तो कुठे आहे हे दोघांनाच माहीत. चावी फिरवली तसा मागून आवाज आला, टिकटिक, टिकटिक. जयरामचा चेहरा खुलला.

"आता मंगळीमावशीकडं कोण थांबणार?" दामिनीने विचारलं.

"थांबायचं नाय म्हणून तर लावला ना."

ती हातातला पाना पुसत राहिली. जयराम वायरवर टेप गुंडाळण्यात गुंग होता.

लग्नाच्या दिवशी पाठवणीला सगळं घर रडलं. दामिनी तर आईच्या गळ्यातून सुटेना. जयराम तेवढा कोरडा राहिला, कारण त्याचं अर्धं लक्ष बॉनेटकडे होतं. नवरीच्या बापाने वरातीची गाडी हाकायची रीत नाही, पण काळीचा गिअर त्याच्याशिवाय कोणाला पडत नव्हता. मागे दामिनी आणि जावई दीपेश बसले. पुढे जयरामच्या शेजारी व्याही बसले, मजा बघायला. बाकीची वरात टेम्पोतून मागोमाग निघाली.

चढ लागला. ऊन मी म्हणत होतं, आणि काळी निमूट चढत होती. व्याही घाम पुसत एकदा इंजिनाकडे बघायचे, एकदा जयरामकडे. जयरामची छाती फुगत चालली. मागे दामिनी खाली वाकली, जोडव्यात शालू अडकला म्हणाली. पुढच्या वळणावर चिंच दिसली आणि खाली हंडा घेऊन उभी असलेली मंगळी. काळी यंदा थांबणार नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिथेच काळी खोकली, दोन हिसके दिले आणि थांबली.

"बघा, जागा विसरली नाय," असं म्हणत व्याही उतरले. दीपेशही त्यांच्यामागून चिंचेच्या सावलीला गेला. जयरामने बॉनेट उघडलं. पेट्रोल येतच नव्हतं. परत येऊन चावी फिरवली, तर मागची टिकटिक गप्प. त्याने वाकून सीटखाली हात घातला. स्विच बंद होता.

त्याने वर पाहिलं. दामिनीचे डोळे सुजले होते, काजळ गालावर आलं होतं.

"फक्त तोंड धुते, बाबा," ती हळूच म्हणाली.

मंगळीने दार उघडलं. "ये गो बाय," म्हणत तिने दामिनीला हाताला धरून उतरवलं आणि लोट्याने तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. मग दोघी चिंचेच्या मुळावर टेकल्या. असंच तर व्हायचं दर वेळी. रडत आलेली प्रत्येक नवरी इथे उतरायची, तोंड धुवायची, जराशी बसायची आणि सासरी जायला म्हणून उठायची. इतक्या वर्षांत जयरामने हे बघितलंच नव्हतं. त्याचं डोकं कायम बॉनेटखाली.

"काय हो, नवा पंप ना?" व्याह्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

जयरामचं बोट अजून स्विचवर होतं. तो दाबून नुसती चावी फिरवली असती तरी काळी गुरगुरून उठली असती आणि व्याह्यांचं तोंड बंद झालं असतं. त्याने हात काढून घेतला.

"तापला," तो म्हणाला. "थोडा टाइम लागंल."

वरात पोट धरून हसली. जयरामने मंगळीच्या हंड्यात फडकं बुडवलं, पिळलं, आणि जिथे आता पंपच नव्हता त्या पत्र्याच्या पट्टीवर नीट पसरून ठेवलं. मग बॉनेटखाली डोकं घालून तो उभा राहिला, आणि पाठवणीला न आलेलं रडू त्याला तिथे आलं.